हिरव्या पुतळ्याला रंग नको. आधी गंजाचा ओघळ शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रकाठच्या एका लहान शहरात नगरपरिषदेची बाग आहे. बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, बसवून बरीच वर्षे झाली, आता तो हिरवा पडला आहे. ठेकेदार म्हणतो, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून बफिंग (चकाकीसाठी यंत्राने घासणे) मारतो आणि सोनेरी रंगाचे दोन हात देतो, शिवजयंतीला पुतळा नवाकोरा दिसेल. त्याच बागेत जुन्या संस्थानिकांचा संगमरवरी अर्धपुतळाही आहे. तो काळवंडलाय, म्हणून त्यावर ॲसिड मारून धुवायचा विचार चालू आहे. यात काही धोका आहे का आणि दुसरा उपाय कोणता, असे बागेच्या समितीतल्या एका सदस्यांनी विचारले आहे.

धोका आहे, दोन्ही कामांत. ती करू नका. धातूच्या आणि दगडी पुतळ्यांची डागडुजी हेच माझे आयुष्यभराचे काम, आणि मी पाहिलेल्या पुतळ्यांचे नुकसान ऊन-पावसाने केले तेवढेच हौसेने केलेल्या ‘स्वच्छते’ने केले आहे. समितीची इच्छा चांगलीच असते, महाराज झळाळले पाहिजेत एवढेच सगळ्यांना वाटते. ती इच्छा कामाला कशी लावायची ते सांगतो.

हिरवेपणापासून सुरुवात करू, कारण सगळी घाई त्याच्यामुळे आहे. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. पुतळ्यांच्या ओतकामात त्यात थोडे जस्त आणि शिसेही घालतात. ओतून, घासून, रसायनांनी भाजून तयार झालेला पुतळा तपकिरी किंवा काळपट असतो. उघड्यावर आला की तांब्याचा हवेशी व्यवहार सुरू होतो. आधी तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा थर येतो, मग त्यावर हिरवा. शहरी हवेत हा हिरवा थर बहुतेक सल्फेटचा असतो, समुद्राजवळ क्लोराइडचा. घट्ट बसलेला, गुळगुळीत, हाताला न लागणारा हिरवा किंवा काळा थर पुतळ्याचे काहीच बिघडवत नाही, उलट खालच्या धातूला थोडेफार जपतो. तो खरवडून काढला की उघडी पडलेली धातू पुन्हा पहिल्यापासून झिजायला लागते.

मुंबईचा काळा घोडा हे याचे चांगले उदाहरण आहे. ब्रिटनचे राजे एडवर्ड सातवे युवराज असताना, 1875 मध्ये मुंबईला आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोहेम यांच्याकडून हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि 1879 मध्ये तो शहराला दिला. घोड्याचा काळपट रंग लोकांच्या नजरेत इतका बसला की त्या भागाला त्याचेच नाव पडले. 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात नेला. आज मूळ जागी 2017 मध्ये बसवलेला बिनस्वाराचा घोडा आहे. जुना मात्र राणीच्या बागेतच आहे. तुमच्या समितीतले कोणी मुंबईला गेले तर त्यांनी तो अवश्य पाहावा. लगाम, आयाळ, कपड्यांच्या चुण्या यांवर शिल्पकाराच्या हत्याराची जी कामगिरी असते ती पृष्ठभागाच्या पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असते. सँडब्लास्टिंग नेमका तोच अर्धा मिलिमीटर खाते. महाराजांच्या जिरेटोपावरचे बारीक काम, अंगरख्याची नक्षी, डोळ्यांची कड एकदा बोथट झाली की परत येत नाही.

सोनेरी रंगाचेही सांगतो. हा रंग म्हणजे पितळेसारख्या धातूची भुकटी आणि व्हार्निश. खाऱ्या हवेत तो वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो, पापुद्रे सुटतात, पापुद्र्याखाली ओल अडकते. मग दर शिवजयंतीला वर आणखी एक हात. पाच-सहा थर बसले की चेहऱ्याचे भाव बुजतात आणि सांध्याला बारीक चीर पडली असेल तर तीही झाकली जाते. मला रंगाची भीती वाटते ती या झाकलेल्या चिरेमुळे.

हिरव्याचा एक प्रकार मात्र खरोखर वाईट आहे, तो ओळखायला शिका. फिकट, पोपटी, पिठासारखा, ठिपक्या-ठिपक्यांनी उठणारा आणि कोरड्या ब्रशने झाडला तर सहज निघणारा. खाली बारीक खड्डा दिसतो. झाडून टाकल्यावर आठ-पंधरा दिवसांत तिथेच पुन्हा पीठ उठले, तर धातूच्या आत क्लोराइड शिरले आहे असे समजा. हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून आम्ल तयार होते, ते नवे तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड, असे चक्र चालते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 45 टक्क्यांच्या खाली गेली तरच ते थंडावते, आणि किनाऱ्यावर तेवढी कोरडी हवा क्वचितच मिळते. हे काम ठेकेदाराचे नाही. त्यासाठी बेंझोट्रायॲझोलसारखी, तांब्याची झीज रोखणारी रसायने लागतात, ती अपायकारक आहेत आणि हातमोजे-मास्क घालून प्रशिक्षित माणसानेच वापरायची असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी फोटो पाठवून सल्ला मागता येतो.

इथपर्यंत जे सांगितले ते कातडीचे. पुतळा पडतो तो कातडीमुळे नाही.

मोठा ब्राँझ पुतळा आतून पोकळ असतो. भिंतीची जाडी बहुधा पाच ते आठ मिलिमीटर. तुकड्या-तुकड्यांनी ओततात, मग वेल्डिंगने जोडतात. पुण्याला विनायकराव करमरकरांनी 1928 मध्ये केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतला होता, म्हणून त्याचे आजही एवढे कौतुक होते. तसे काम विरळा. तुमचा पुतळा जोडकामाचाच असणार. आत लोखंडी सांगाडा असतो, घोड्याच्या पायांतून उतरून तो चौथऱ्यातल्या बोल्टना जोडलेला असतो. घोड्याने एक पाय उचललेला असेल तर सगळा भार तीन पायांवर, दोन उचलले असतील तर मागच्या दोन पायांवर आणि बऱ्याचदा शेपटीवर. (किती पाय उचललेत त्यावरून स्वाराचा मृत्यू कसा झाला ते कळते, असे लोक सांगतात. शिल्पकार असा कोणताही नियम पाळत नाहीत. पाय मोजायचेच असतील तर भारासाठी मोजा.)

ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते, आणि त्यात लोखंड आधी झिजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगलेला सांगाडा बाहेरच्या ब्राँझला आतून ढकलतो, सांधे उकलतात, त्यातून आणखी पाणी आत जाते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यातही हेच झाले होते. तिचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा आणि आत लोखंडी पट्ट्या. दोन्हींच्या मध्ये घातलेले वेष्टण काळाच्या ओघात निकामी झाले आणि 1984 ते 1986 या काळात त्या सगळ्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. तांब्याचा हिरवा थर मात्र कोणी काढला नाही.

आपल्याकडचे उदाहरण सगळ्यांच्या मनात ताजे आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. नटबोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधीच लेखी कळवले होते. त्या दिवशी मराठी माणसाला काय वाटले ते सांगायला नको. मी फक्त एवढेच म्हणेन की गंज बाहेर दिसत होता आणि तो पाहणाऱ्यांनी लिहूनही ठेवला होता.

म्हणून तुमचे पहिले काम असे: पावसाळ्यानंतरच्या एखाद्या कोरड्या सकाळी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन पुतळ्याभोवती फिरा आणि तांबूस-पिवळा ओघळ शोधा. खुरांच्या कडा, घोड्याच्या पोटाखालची शिवण, खोगीर आणि पोट यांचा सांधा, तलवारीची मूठ, चौथऱ्याच्या वरच्या फरशीवरचे डाग. तांब्याचा ओघळ हिरवा असतो आणि तो चौथऱ्याचा दगड हिरवा करतो. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. लोखंडाचा ओघळ विटकरी असतो, आणि तो आतून आलेला असतो. ब्राँझच्या सांध्यातून विटकरी ओघळ उतरताना दिसला तर त्याच दिवशी पुतळ्याभोवती दोरी बांधून लोकांना लांब ठेवा आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा. संरचना अभियंत्याने पाहून लिहून देईपर्यंत दोरी काढू नका. सभेची तारीख येईपर्यंत थांबू नका.

दुसरी पाहणी पाणी कुठे जाते याची. चांगल्या ओतकामात घोड्याच्या पोटाखाली आणि खुरांजवळ पाणी निघायला बारीक भोके ठेवलेली असतात. कित्येक ठिकाणी ती मातीने, कुंभारमाशीच्या घरट्याने किंवा कोणीतरी ‘गळतंय’ म्हणून भरलेल्या सिमेंटने बंद झालेली सापडतात. मग पावसाचे पाणी पायांत साचून राहते, आणि सगळा भार तर पायांवरच असतो. भोके मोकळी करा. नसतील तर कुठे पाडायची हे अभियंत्याकडून ठरवून घ्या, आपल्या मनाने ड्रिल लावू नका. एंडोस्कोप कॅमेरा, म्हणजे बारीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा, या भोकांतून आत जातो आणि सांगाड्याची स्थिती पडद्यावर दिसते. ही तपासणी रंगाच्या कामाच्या तुलनेत स्वस्त पडते. सांगाडा बदलायची वेळ आलीच तर निविदेत नुसते ‘स्टेनलेस स्टील’ लिहू नका, ‘316 प्रतीचे’ असे लिहा. किनाऱ्यावरच्या क्लोराइडपुढे 304 प्रतीच्या स्टीललाही खड्डे पडतात. आणि दोन धातू एकमेकांना थेट टेकणार नाहीत असे वेष्टण मध्ये हवेच.

बागेतला पुतळा रस्त्यावरच्या पुतळ्यापेक्षा सुखात असेल असे वाटते. धूर कमी असतो हे खरे, पण बागेची स्वतःची दुखणी आहेत. सगळ्यात मोठे म्हणजे हिरवळीचे फवारे. किनाऱ्याजवळच्या बोअरच्या पाण्यात मीठ असते, आणि फवारा रोज सकाळ-संध्याकाळ तेच पाणी पुतळ्याच्या पायांवर मारतो. उन्हात ते सुकते, मीठ आणि चुना मागे राहतो, दुसऱ्या दिवशी वर नवा थर. घोड्याचे गुडघ्याखालचे पाय पांढुरके आणि वरचा भाग हिरवा दिसत असेल तर कारण हेच आहे. फवाऱ्याचे तोंड फिरवणे हा तुमच्या पुतळ्यासाठी सगळ्यात परिणामकारक आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे. त्यानंतर झाडे. पुतळ्यावर झुकलेली फांदी म्हणजे कावळे-कबुतरांची बैठक, आणि विष्ठेतल्या आम्लाने धातूवर डाग कायमचे उमटतात. फांदी छाटा, झाड तोडू नका. चौथऱ्याच्या सांध्यात पिंपळ किंवा वड उगवला असेल तर बोटभर असतानाच मुळासकट काढा. वरून कापला की तो फुटतोच आणि आत मुळे जाड होत राहतात. फोकस लाइटचे स्टँड पुतळ्याला किंवा चौथऱ्याच्या फरशीला ड्रिल करून बसवू नका, जमिनीवर वेगळा पाया करा.

आता भक्तीचा विषय. तो टाळून चालणार नाही आणि टाळायची गरजही नाही. शिवजयंतीला दुग्धाभिषेक होतो, पंचामृत चढते, गुलाल उधळला जातो, क्रेनने हार घातला जातो. दुधाचे आम्ल होते, साखर आणि मध फटींत जाऊन बुरशी धरतात, ओले हार दिवसच्या दिवस गळ्यात राहिले की त्यांच्याखाली धातू खाल्ली जाते, आणि हाराची लोखंडी तार गंजून महाराजांच्या छातीवर रेघ उमटते. माझा आग्रह असा आहे: अभिषेक पुतळ्यासमोर ठेवलेल्या पितळी मूर्तीला किंवा पादुकांना करा. हार सुतळीत ओवून घ्या, तो संध्याकाळी उतरवा. शिडी पुतळ्याला टेकवू नका, कारण लगाम आणि तलवार आधी तुटतात ती शिडीनेच. आणि अभिषेक मोठ्या पुतळ्यालाच झाला तर त्याच दिवशी भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढा. ज्या मंडळांना मी हे समजावून सांगितले त्यांनी ते मनापासून ऐकले. महाराजांच्या पुतळ्याला आपल्या हातून इजा व्हावी असे त्यातल्या कोणालाच वाटत नाही.

चिंच-मीठ, लिंबू, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी यांतले काहीही नको. चिंच-मिठाने घरचे तांबे लखलखते, पण आपण ते लगेच खळखळून धुतो आणि कोरडे पुसतो. पुतळ्याच्या शिवणीत गेलेले मीठ कोणी पुसू शकत नाही, आणि वर सांगितलेले पोपटी पीठ पुढे त्यातूनच उठते.

करायची साफसफाई साधी आहे. परांची पुतळ्याला न टेकवता उभी करा. मऊ केसांचे ब्रश, गोडे पाणी आणि आम्ल-अल्कली नसलेला सौम्य साबण. वरून खाली, चुण्यांतली धूळ आणि विष्ठा हलक्या हाताने काढा, शेवटी शुद्ध केलेल्या पाण्याने धुवा. जेट मशीन लावू नका, ते पाणी शिवणीतून आत ढकलते. पूर्ण वाळू द्या. मग मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मऊ करून, धातू उन्हाने तापलेली असताना ब्रशने पातळ लावायचे, थोडे सुकले की सुती फडक्याने चोळायचे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे धातू इतकी तापते की मेण आपोआप छिद्रांत मुरते. जाड थर लावला तर त्यात धूळ रुतते, म्हणून पातळच. मेण लावल्यावर फिकट हिरवा गडद होतो, चकाकी येते, चेहऱ्याचे उठाव पुन्हा दिसायला लागतात. समितीला जो ‘नवा’ पुतळा हवा आहे तो बराचसा इथेच मिळतो. किनाऱ्यावर वर्षातून दोनदा मेण द्या, एकदा मे महिन्यात पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर.

आता संगमरवरी अर्धपुतळा. संगमरवर म्हणजे चुनखडीच, त्यावर ॲसिड पडले की फेस येतो. तो फेस म्हणजे संस्थानिकांचे नाक, ओठ, पागोट्याची घडी विरघळत असते. नंतरचा दगड पांढरा दिसतो, पण साखरेसारखा खरखरीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर शेवाळ धरतो.

संगमरवर किती नाजूक आणि तरी किती वाचवता येतो याची मोठी गोष्ट मुंबईचीच आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा 1872 मध्ये फोर्टमध्ये उभा राहिला. 1896 मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. डांबर दगडाच्या छिद्रांत मुरते, वरून घासून निघत नाही. ते डाग शेवटी काढले प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी, रसायनशास्त्राच्या बळावर, आणि त्या कामाने त्यांचे देशभर नाव झाले. पुढे हाही पुतळा भायखळ्याला आला. सत्तेचे प्रतीक म्हणून त्याला काळे फासणे आणि कलाकृती म्हणून त्याचा डाग काढणे, या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासात आहेत, आणि मला दोन्हींचा आदर आहे. तुमच्या संस्थानिकांबद्दल गावात दोन मते असतील तर असू द्यात. दगडाला न्याय सारखाच द्या.

डाग खरवडायचा नसतो, ओढून घ्यायचा असतो. शोषून घेणारी माती किंवा कागदाचा लगदा पाण्यात किंवा योग्य द्रावकात कालवून लेप द्यायचा, वर प्लास्टिक लावून काही तास ठेवायचा, मग उघडून सुकू द्यायचा. सुकताना तो छिद्रातली घाण आपल्याकडे खेचतो. काळेपणा बहुतेक शेवाळाचा आणि बुरशीचा असेल तर आधी नुसते पाणी आणि मऊ ब्रश यांनीच बरेच काम होते. कशाचाही प्रयोग पाठीमागच्या इंचभर जागेवर करून, आठ दिवस थांबून, मग पुढे जा. मेण संगमरवराला लावू नका, तो पिवळा पडतो. त्याऐवजी वर छत्री करता येईल का पाहा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथल्या कॅशिने उद्यानात 1874 मध्ये त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा उभारला, तो छत्रीखाली आहे. व्हिक्टोरियाच्या पुतळ्यालाही मुळात वर मेघडंबरीसारखे छत होते. संगमरवर उघड्यावर ठेवायचा नाही हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. ब्राँझला छत्री लागत नाही.

कागदांचे एक काम राहिले. नगरपरिषदेच्या दप्तरात पुतळ्याची मूळ फाइल शोधा: शिल्पकार कोण, फौंड्री कोणती, वजन किती, सांगाड्याचा नकाशा, कला संचालनालयाने मातीच्या प्रतिकृतीला दिलेली मान्यता. शिल्पकार हयात असतील तर त्यांना बोलवा, नसतील तर त्यांच्या कार्यशाळेतल्या जुन्या माणसांना. सांगाड्यात काय घातले आहे हे त्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही यंत्राला दिसत नाही. आणि निविदेत ‘रंगकाम’ हा शब्दच ठेवू नका. ‘पाहणी, धुणे, मेण, अहवाल’ असे लिहा, म्हणजे रंगाचा ठेकेदार आपोआप बाजूला होतो.

शिवजयंती 19 फेब्रुवारीला आहे. आत्तापासून निघालात तर ओघळाची पाहणी, भोके मोकळी करणे, फवारा फिरवणे, एक धुणे आणि मेणाचा एक हात एवढे तोपर्यंत निवांत होते. अर्धपुतळ्याची घाई करू नका, त्याला आत्ता फक्त पाण्याने धुवा आणि लेपाचे काम उन्हाळ्यावर ठेवा. सांधे उकललेले निघाले तर यंदाचा कार्यक्रम पुतळ्यापासून थोडा लांब, बागेच्या मोकळ्या भागात मांडव घालून करा, आणि कारण लोकांना फलकावर लिहून सांगा.